शिल्लक

युरोविचच्या गोदामात माझं काम एवढंच:
गासड्या मोजायच्या, वहीत लिहायच्या.
तारीख, किती गेल्या, किती शिल्लक.
पुंता अरेनासमध्ये उन्हाळा म्हणजे नुसता वारा;
कोपऱ्यांवर दोर बांधतात,
म्हाताऱ्यांनी धरून चालावं म्हणून.

मारिसेल आली जानेवारीच्या अखेरीस.
नर्सिंगचं दुसरं वर्ष, पाठीवर गिटार,
कॉलेजच्या रेडिओ क्लबातून आणलेला माइक
परत करायच्या बोलीवर.
म्हणाली, घरी भिंती कागदाच्या,
शेजारचा टीव्ही माझ्या गाण्यात बातम्या वाचतो.
तुझ्याकडे लोकर आहे ना?

होती. आठशे बारा गासड्या,
जमिनीपासून पत्र्यापर्यंत, मधे माणूसभर गल्ली.
वास असा, की मेंढ्या आत्ताच उठून गेल्यात.
रात्री दोननंतर वारा पडला तेव्हा ती आत शिरली,
गिटार उभी धरून; आडवी मावत नव्हती.

पहिलं गाणं आईवर.
खेकड्यांच्या कारखान्यात वीस वर्षं,
बोटांचा वास लिंबानंही जाईना,
म्हणून मुलीची वेणी घालताना
ती हातमोजे चढवायची.
भिंतींना कान असतात म्हणे. लोकरीला तोंड असतं.
शब्द ओठांबाहेर पडला की गट्ट.
हेडफोनमध्ये आवाज इतका जवळ
की मी मान मागे घेतली.
वहीच्या समासात लिहिलं: आई, आठवा प्रयत्न, ठीक.

फेब्रुवारीत पहिलं जहाज लागलं. दोनशे चाळीस गेल्या.
दुसरं गाणं खरं तर परीक्षेसाठी रचलेलं,
मनगटाची आठ हाडं ओळीनं पाठ व्हावीत म्हणून.
पाचव्या हाडापाशी कुणाचा तरी हात आला त्यात
आणि पुढची तीन ती कायमची विसरली.
कुणाचा, ते मी विचारलं नाही. माझा नव्हता.
या गाण्यात, नीट ऐकलं तर,
ओळीच्या शेवटच्या अक्षराला बारीक शेपूट आहे.
तेव्हा आम्हाला ते ऐकूच आलं नाही.

मार्च. तिचं कॉलेज सुरू, माझे ट्रक सुरू.
शिल्लक एकशे नव्वद.
तिसरं गाणं पोर्वेनीरच्या बोटीचं,
जी वाऱ्यामुळे सुटतच नाही,
आणि धक्क्यावर निरोप घेऊन झालेली माणसं
आता काय बोलावं न कळून
एक सँडविच दोघांत वाटून खातात.
गाताना ती मध्येच थांबली.
कोण आहे तिकडे?
कोणी नव्हतं. तीच होती, जराशी उशिरा.

चिडली. वायर गुंडाळली.
पहिल्यासारखं हवं मला, गासड्या परत आण.
जहाजं काय माझ्या बापाची आहेत?
म्हटलं, मेंढ्यांच्या अंगावर उगवतेय पुन्हा,
डिसेंबरपर्यंत थांब.
माइक सोमवारी परत द्यायचा होता.

सतरा एप्रिल. शिल्लक शून्य.
शून्य काढताना मी पेन दोनदा फिरवतो, सवय आहे.
चौथ्या गाण्याला अजून शब्द झाले नव्हते.
ती रिकाम्या गोदामात मधोमध उभी राहिली,
गिटार आडवी, पाय फाकून, कोट अंगातच.
एक सूर सोडला,
तो पत्र्यावर आपटून परत येईपर्यंत थांबली.
मग दुसरा, त्याच्या वाटेतून जरा बाजूला सरून,
दारात समोरासमोर आलेल्या माणसाला
आधी आत येऊ द्यावं तसा.
असं चार मिनिटं अकरा सेकंद.
पुन्हा घेऊ या म्हणाली नाही.
मी समासात काही लिहिलं नाही.

परवा बसमध्ये चारही गाणी ओळीनं ऐकली.
मुलगी गाते आहे, हे खरंच,
पण मला लोकर जाताना ऐकू येत होती.

वर्षअखेरीला युरोविचनं वही तपासली.
‘आई, आठवा प्रयत्न, ठीक’ यावर बोट ठेवून
चष्म्यावरून बघत विचारलं,
ही कुठल्या कळपाची?
मी काही सांगायच्या आत त्यानं पान उलटलं.
बेरीज बरोबर होती. सही केली.