सत्तावीस मिनिटं

नोटरीने कागद वाचून दाखवला:
मंगळवार, पहाटे दोन ते दोन सत्तावीस.
एवढी पाणचक्की माझ्या नावावर झाली.

दगड नाही, छप्पर नाही, वेळ.
गालिसियाच्या या ओल्या कोपऱ्यात, आमच्या पेद्राउसेलला,
चौदा घरांनी मिळून चक्की बांधली
आणि भिंती वाटता येईनात म्हणून आठवडा वाटून घेतला.
मग पोरं झाली, पोरांना पोरं,
तासाचे अर्धे तास, अर्ध्याचे पाव.
शेतं जातात तशीच रात्रही तुकड्यातुकड्यांनी गेली.
गुरुवार तर सगळाच्या सगळा
जहाजात बसून ब्यूनस आयर्सला.

शनिवारवरून दोन घरं अजून बोलत नाहीत.
ओब्दुलियाच्या पणजोबांनी म्हणे
दहा मिनिटं जास्त दळलं होतं.

इमारत एवढीशी. सात पावलं लांब, पाच रुंद,
चुना कुठेच नाही,
ग्रॅनाइटवर ग्रॅनाइट नुसता वजनाने बसलेला.
दार इतकं बुटकं की पाठीवर पोतं असलेला माणूस
आपोआप वाकायचा.
वरच्या दगडावर साल कोरलंय, १७८३,
त्यातला तीन उलटा.
कोरणाऱ्याला वाचता येत नसावं,
किंवा पाणी सुटलं असावं आणि घाई असावी.

खाली कमानीत आडवं चाक,
चेस्टनटच्या लाकडाचं, पळीसारखी पाती.
त्या अंधाऱ्या खणाला आम्ही नरक म्हणतो.
लहानपणी मला वाटायचं,
नरकात फार थंडी असते.

दगडाला टाकी लावायला फ्लोरिन्दो यायचा, दर वसंतात.
पोलादाचे कण उडून कातडीत रुतलेले,
डाव्या हाताची पाठ निळी.
आणि एक काठी होती, फिरत्या तळीवर नाचत
मका दाणा दाणा खाली पाडणारी.
तिच्या टकटकीवर माणसं पोत्यांना टेकून झोपायची,
टकटक बदलली की जागी व्हायची.
मग शहरात विजेची गिरणी आली.
कोणी कुलूप लावलं नाही,
नुसतं यायचं थांबले.

काल गेले. जानेवारी, ओढा भरून.
कंदील, आणि खिशात दोन मुठी मका.
पाटाच्या तोंडाची फळी दोन्ही हातांनी उचलली.
नरकात पाणी आदळलं.
अकरा पाती शिल्लक,
बाकीच्या जागांतून पाणी तसंच निघून गेलं.
तळी हलली नाही.
मग पाव फेरा. कुरकुर. पुन्हा पाव.
कडेला चिमूटभर पिवळं काहीतरी आलं,
निम्मी दगडाची धूळच असणार.
मी चाखलं.

दोन सत्तावीसला फळी खाली केली.
पुढची वेळ एलादियोच्या लेकीची.
ती कधी आली नाही, येणारही नाही,
तिच्याकडे रात्रीचे साडेदहा, अजून सोमवारच.
पण वेळ तिची.

घरी येऊन पाहिलं,
माझं घड्याळ तीन मिनिटं मागे होतं.

आता तिला पत्र लिहायला हवं.