रकाना चौदा

लवू. वय सत्तेचाळीस. धाकटा भाऊ.
अंघोळ स्वतः करतो का? नाही.
शर्टाची बटणं? वरची दोन.
तिथे सांभाळणारं दुसरं कोणी?

'कोणी नाही,' मी लिहिलं.
वकिलाने बजावलंच होतं.

तळाशीलच्या पडवीत इनासबाय
त्याच्या पायातला काटा काढत होती, शिव्या देत.
मोंडकर रापणीतला त्याचा वाटा
पायरीवर ठेवून गेला:
चार तारले, एक बांगडा.
दोर ओढतो का,
हे अर्जात कुठे विचारलेलं नाही.

अंगठा उमटवताना लवू म्हणाला,
"थंय भरती कधी येता गे?"

बर्मिंगहॅमला समुद्र नाही.
कालवा आहे रे, म्हटलं,
घरामागेच.

"कालवां?" त्याचे डोळे लकाकले.
"मगे कोयती घेतंय."