चौथ्या प्रकरणातला चष्मा

खून नको, हे मी पहिल्याच पानावर ठरवलं.
सावईवेऱ्यात खून कोण करणार?
इथे माणसं एकमेकांशी तीस तीस वर्षं अबोला धरतात,
तेवढ्यानं भागतं.

म्हणून माझ्या कादंबरीत हरवतो
पोदेराच्या सायकलचा भोंगा.
पहाटे पाव येतो, पण आवाजाशिवाय,
आणि वाड्यावरली निम्मी पोरं उपाशी शाळेत जातात.
शोध घेतात भास्कर आणि कालिंदी.
तो पोस्टातून निवृत्त, पाकिटावरच्या अक्षरावरून माणूस ओळखणारा.
ती शिवण करते;
कोण सुटलं, कोण सुकलं
ते गावाआधी तिच्या टेपला कळतं.

भोंगा कुणी नेला ते जमलं.
अडलं नवराबायकोपाशी.

मी लग्न केलेलं नाही.
दोन माणसं एका घरात
न बोलता कशी बोलतात, मला कुठून ठाऊक?
संपादक फोनवर म्हणाले, "थोडं भांडण घाला,
थोडा संशय. वाचकांना आवडतो."
घातलं भांडण. नाटकातलं झालं.
मग मी खिडकी उघडली.

खिडकीपलीकडे पाट, पाटापलीकडे टोपल्यांची पडवी.
इंदुमती सोलं वाळत घालते,
मोहनदास कावळे हाकायला बसतो
आणि पेपरात कावळ्यांना विसरतो.
ती ओरडत नाही.
बांगडी ताटावर वाजवते, एकदा.
तो डोळे न उचलता हात उंचावतो.
कावळे उडतात.

हे लिहून घेतलं.
आणि हे, की फोंड्याच्या बसमध्ये ती खिडकी पकडते
पण अर्ध्या वाटेत त्याला देते;
की चहात जास्तीची साखर तो
ती पाठमोरी असतानाच घालतो;
की एका दुपारी तो विहिरीत वाकून
बराच वेळ काहीतरी शोधत होता,
आणि संध्याकाळी त्याचा आवाज पाटावरून आला,
चष्मा बाजारात हरवला म्हणून.

सगळं भास्करला दिलं, कालिंदीला दिलं.
नावं बदललेली, पाट काढून टाकलेला.
दिवाळी अंकात आलं. मी स्वतःवर खूश.

पाडव्यानंतर पायरीवर इंदुमती,
हातात आगळाची बाटली.
मागे मोहनदास, नव्या चष्म्यात.
अंक तिच्या काखेत, खुणेला माडाचा हीर.
बसली नाही. म्हणाली,
"भोंग्याचं जाऊ दे. तो एस्परान्सानं नेला
हे दुसऱ्या पानावरच कळतं, झोप तिचीच मोडत होती.
चष्मा विहिरीत पडला हे तुला कसं कळलं गो?
हा तर मला बाजारात म्हणाला होता."

मी खिडकीकडे पाहिलं नाही.
पाहिलं नाही, यावरूनच त्याला कळलं.
"पडदा," तो म्हणाला, "शिगम्याच्या सुमारास हिनं पडदा काढला.
मी तुला बोललो नव्हतो?"
"तू पडदा बोललास. दिवा मी बोलले.
आपण जेवायला बसलो की हिचा दिवा..."
"...विझायचा. अंधारातून बरं दिसतं."

आणि माझ्याच ओटीवर उभी राहून
दोघं मला उलगडत गेली,
एकाचं वाक्य दुसऱ्याच्या तोंडी पुरं करत,
तीन महिने मला लिहिता आलं नव्हतं
अगदी तसं.

रागावली नाहीत.
इंदुमतीनं पेन मागितलं, चौथ्या प्रकरणात एक ओळ खोडली,
जिथे कालिंदीला साखरेचा पत्ताच नसतो.
वर तिरकं, बारीक लिहिलं:
ठाऊक असतं. म्हणून तर ती पाठ फिरवते.

मोहनदासनं वाचलं.
चष्मा काढला, धोतराला पुसला, परत वाचलं.
मग बाटलीबद्दल म्हणाला,
मीठ अंमळ जास्त आहे, बेतानं घे.

ती दोघं गेल्यावर मी पडदा लावला.
दिवेलागणीला पाटापलीकडे
बांगडी वाजली, एकदा.
वाळवण नव्हतं, कावळे नव्हते.
तरी माझा हात वर गेला.