कीर्द

ऋजुता म्युनिकला गेली तेव्हा
दोन बॅगा तिच्यासोबत, काचेची एक पेटी माझ्याकडे.
पेटीत दाजी. आफ्रिकेचा अजगर, चार फुटी,
कागदपत्रं रीतसर.
"बाबा, सोपं असतं. दहा दिवसांनी एक उंदीर."

एकतीस वर्षं सहकारी बँकेत कॅश सांभाळली,
'सोपं' या शब्दाखाली मी कधी सही केली नाही.

बोपोडीचा मुजम्मिल गोठवलेले आणून द्यायचा.
मग त्याचा फ्रीज गेला, मग तोच नाशिकला गेला.
म्हणून धनकवडीच्या गच्चीवर, टाकीशेजारच्या खोलीत
एक नर, तीन माद्या.
वहीत पहिली नोंद.

एकवीस दिवसांत दहा पिल्लं,
ओल्या शेंगदाण्यांसारखी गुलाबी,
कातडीतून पोटातलं दूध दिसतं, पांढरा ठिपका.
या व्याजदराने कुठलीही बँक बुडेल.

हिशेब जमला. उंदीर जमेनात.
टिंबर मार्केटचा भुसा आणला तर शिंकायला लागले,
मग जुनी वर्तमानपत्रं, पट्ट्या कापून,
निधनवार्तांसकट.
एप्रिलात पत्रा तापला, एका दुपारी अकरा गेले,
सगळ्यांची तोंडं दाराखालच्या फटीकडे.
मग ओली गोणपाटं, बर्फाच्या बाटल्या, जुना टेबलफॅन.
दोन नर एकत्र राहिले, सकाळी एकाचं शेपूट अर्धं.
वास वहीत मांडता येत नाही.
तो खळदकरांनी सोसायटीच्या फळ्यावर मांडला:
"गच्चीवरील वासाचा संबंधीतांनी बंदोबस्त करावा."
मी वेलांटी ऱ्हस्व केली
आणि डबे रोज साफ करू लागलो.

नावं ठेवायची नाहीत, हे ठरलं होतं.
तरी फाटक्या कानाची ती 'चिरी' कधी झाली,
त्याची नोंद नाही.

जुलै सरताना नाल्यापलीकडच्या मैदानात
पथकाचा सराव सुरू झाला. साठ ढोल, वीस ताशे.
पत्र्याचे खिळे वाजायचे.
चिरीची नऊ पिल्लं तीन दिवसांची होती.
सकाळी डबा उघडला:
घरटं नीट रचलेलं, मऊ,
रिकामं.
ती मिशा साफ करत होती.
भ्यायली की आई पिल्लं परत पोटात ठेवते,
मुजम्मिल म्हणाला होता, मी हसलो होतो.
लिहिलं: जमा नऊ. खर्च नऊ. दाजी उपाशी.

गणपती बसले. ही म्हणाली, दहा दिवस एकही द्यायचा नाही.
शाडूच्या मूर्तीकडे बोट:
"पायाशी तो, पोटाला हा, गाठ मारून.
त्यांचं कसं जमतं?"
मी म्हटलं, दोघेही मातीचे आहेत.
ही काही बोलली नाही.
संध्याकाळी एक मोदक तुपासकट टाकीच्या खोलीत गेला.
वही चाळून पाहिली,
याला खातं सापडलं नाही.

नोव्हेंबरात दाजीने अन्न सोडलं.
एकादशी म्हणावी तर अकरा आठवडे.
पेटीत वेटोळं, हलत नाही, बारीकही होत नाही.
इकडे चाळीस, मग सत्तर, मग डबे कमी पडले,
हिचे चकलीचे डबेही गेले आणि घरात बोलणं कमी झालं.
रात्री कीर्द मिटली तरी
वरून दात चालल्याचा आवाज यायचा,
कुणीतरी नोटा मोजतंय असा.

फेब्रुवारीत दाजीची जीभ बाहेर आली.
चिरीची वीण तोवर थांबली होती.
थांबलेलीला आधी द्यायचं, हा नियम
माझ्याच अक्षरात, पहिल्या पानावर.

मुठीत धरली. काही जोर लावला नाही तिने,
फक्त ठोके, इतके जलद
की मोजता येत नव्हते, आणि मी मोजण्यातच आयुष्य काढलेलं.
तेवढ्यात फोन. म्युनिक.
स्पीकरवर टाकला.

"जेवण झालं का?"

मला की दाजीला, तिने सांगितलं नाही.
मी पेटीकडे पाहिलं, मुठीकडे पाहिलं.

"व्हायचंय," म्हटलं,
"तू बोल."