वेगळी बादली

'भाग्यलक्ष्मी'च्या इंजिनाखाली सापडली तिघं.
बोट शाकारून किनाऱ्यावर चढवलेली,
बंदी उठायला अकरा दिवस होते,
लवू ऑइल बदलायला उतरला
आणि चिंध्यांचा बोळा त्याच्यावर फिस्कारला.
आईची वाट चार दिवस पाहिली.
पाचव्या दिवशी तांडेल म्हणाला,
"लवू, माका मशीन चालू करूचा आसा."

नारळाच्या गोणीतून आणली.
गोणीत पिलं नव्हतीच, नुसता आवाज होता,
तापल्या तेलात पाणी पडावं तसा.
लवूच्या हातावर सात ओरखडे.
सरकारी दवाखान्यात सुई घेऊन आला
आणि वर मलाच म्हणाला, "तुका बरी सोबत होतली."

न्हाणीत ठेवली. हंड्यामागे सहा डोळे.

देवगडच्या डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या,
जमिनीवर बसा. त्यांच्याकडे बघू नका.
नजर मिळालीच तर पापण्या सावकाश मिटा.
हात वरून नेऊ नका, वरून घार येते.
आणि बोलत राहा, काहीही.

काहीही म्हणजे काय?
आमच्या घरात बोलणं म्हणजे 'जेव'
आणि 'बिल भरलंस?'
मी बिलच वाचलं. चालू रीडिंग, मागची थकबाकी.
मग बचत गटाचं इतिवृत्त:
ठराव सर्वानुमते मंजूर.
हंड्यामागून कुणी काही मंजूर केलं नाही.

पेडव्याचे काटे काढून मऊ भातात कालवले,
बोटाच्या टोकावर घास, बोट फरशीवर,
दुसऱ्या कुणाचं असल्यासारखं.
तासाभराने मुंग्या आल्या.

एकोणीस वर्षं माझा एक नियम आहे.
लवूने आधी मागच्या दोणीवर जायचं,
निळा साबण, नारळाचं सोडण,
डिझेल उंबऱ्याबाहेर.
त्याचे कपडे वेगळ्या बादलीत, वेगळ्या दोरीवर.
नवी होते तेव्हा केला,
त्याने एकदाही वाद घातला नाही.
रोज आत येतो तो साबणाच्या वासाचा,
जरासा कुणाचाही.

त्या दुपारी पाना विसरला होता.
न धुता घुसला, न्हाणीत डोकावला,
आणि ती काळी,
गळ्याला पांढरं कडं म्हणून हा तिला वायसर म्हणतो,
हंड्यामागून निघाली
ती थेट त्याच्या ढोपरापाशी.
नाक पँटीवरच्या ग्रीसात.
लवू हलला नाही. पाना हातात तसाच.
"गो," हळूच म्हणाला, "हिका माजो वास कळता."

कळणारच.
दूध आणि जळकं ऑइल
तिला एकाच चिंधीवर मिळालं.

रात्री मी वेगळ्या बादलीतून त्याचा शर्ट काढला.
घातला.
कॉलर पत्र्यासारखी, बटणं उलट्या बाजूला.
न्हाणीच्या फरशीवर बसून उरलेलं इतिवृत्त वाचलं.
विषय क्रमांक चार, सतरंज्या खरेदी करणे,
आणि चारच्या मध्येच
काखेत काहीतरी शिरलं
आणि चालू झालं, सिंगल सिलिंडर.
मी सतरंज्यांवरच थांबले.
पाय बधिर झाले, होऊ दिले.

पिवळा पहाटे आला.
तिसरी अजून तिथेच आहे,
मी पाठ फिरवल्यावर जेवते.
जेवू दे.

'भाग्यलक्ष्मी' काल पाण्यात गेली.
संध्याकाळी लवू दोणीपाशी उभा होता, हातात साबण.
मी मागच्या दाराशी गेले,
काय म्हणायचं ते नीट जुळवलं नव्हतं.
"आज धुवलंस नाय तरी चलात," म्हटलं.
"पिलां घाबरतत."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग साबणाकडे.
साबण दोणीच्या काठावर ठेवला,
पुन्हा उचलला,
आणि खोबणीत, त्याच्या जागी, नीट ठेवला.