जसंच्या तसं

हर्णैच्या बर्फ फॅक्टरीत दुपारी
डबे मिठाच्या पाण्यात उभे असतात,
तेव्हा मी वरच्या खोलीत
मच्छीमार सोसायटीची साइट बांधते.
बांधते म्हणजे एक कमांड देते
आणि पंखा नीट फिरतोय का बघते.

भरती-ओहोटी सीएसव्हीत आहे,
स्वल्पविरामांनी तोडलेला समुद्र.
त्याला तक्त्याचा साचा.
नोटिसा मार्कडाउनमध्ये, त्यांना नोटिशीचा.
होड्यांचे फोटो एका मापात कापले जातात,
एकात चोगल्यांच्या भाच्याचा अंगठा आलाय,
तोही.

शेपटी बघून साचा ठरतो.
टोपलीत डोकं खाली असलं तरी
जैतूनखाला सांगते ना,
ही सुरमई, हा तोवर,
तसं.

परवा हसनचाचांनी बटणांचा मोबाइल पुढे केला.
"यात हाय सगळं. टाक तुझ्या त्याच्यात."
फाइलची शेपटी एएमआर.
बिल्ड अडली. लाल ओळ:
या प्रकारासाठी साचा सापडला नाही.

ऐकली. अकरा मिनिटं.
पाण्याखालच्या खडकांची नावं,
जाळं कुठं फाटतं,
भांगाला कुठून शिरायचं,
इंजिनाची धडधड,
"चालू हाय ना गं?"
मग लांबच लांब खोकला,
आणि पुन्हा तेच खडक, उलट्या क्रमानं,
कारण परतताना ते तसेच येतात.

म्हटलं, तक्ता करू.
रकाने पाडले: नाव, खोली, खूण.
तिसऱ्या खडकाची खूण:
तिथनं दिवा माडामागं लपतो.
तो माड वादळात पडला.
मी कर्सर लुकलुकत ठेवून
खाली चहा प्यायला गेले.
लाद्या निघत होत्या,
एकीसारखी दुसरी,
डब्याचा आकार घेऊन बंदराकडे.

वर येऊन तक्ता पुसला.
सेटिंगमध्ये एकच ओळ लिहिली:
एएमआर असेल तर हात लावू नकोस,
जसंच्या तसं पुढं ने.
तीनशे बारा पानं झाली
आणि एक फाइल, जिचं पान झालं नाही.

संध्याकाळी चाचा जिन्यातूनच ओरडले,
"खोकला काढलास काय गं?"
"नाही."
"बरं केलंस.
तेवढा वेळ थांबायचं असतं तिथं."