साठच्या आत

आठव्या महिन्यात रजा टाकली तेव्हा
व्हर्नियर परत करायला विसरले.
विसरले म्हणजे, पर्समध्येच होता,
डब्याच्या फडक्यात गुंडाळलेला.
अंबडला नऊ वर्षं माझं काम एकच:
माल बघायचा, मोजायचा, नाही म्हणायचं.
लाल चिठ्ठी लावताना हात कापत नाही माझा.

कॉलेज रोडच्या दुकानातला पोरगा उत्साही.
ताई, ही बघा, हिची बाजू खाली सरकते,
वाकायला नको, कंबरेला आराम.
मी सरकवली. दोनदा.
तिसऱ्यांदा ती आपली आपण सरकली.
पुढची गुलाबी, झालरीची, चार उशा फुकट.
उशा काढा म्हटलं. झालर काढा. ते अस्वलही.
मग उरलं काय ताई, तो म्हणाला,
आणि मी पर्समधून व्हर्नियर काढला.

गोरख पंख्यांच्या किमती वाचू लागला.
नाशिकरोडच्या प्रेसमध्ये दिवसभर नोटा मोजणारा माणूस,
त्याला मोजण्याचं काही नाही,
मी भर दुकानात फरशीवर बसले त्याचं.

दोन दांड्यांमधलं अंतर साठ मिलिमीटरच्या आत हवं.
अंग निसटतं, डोकं अडकतं,
हे मी मोठ्यानं बोलले नाही.
आकडे मात्र बोलले, सवयीनं:
बासष्ट. चौसष्ट. एकसष्ट पूर्णांक दोन.
मागे कुणी एक बाई सुनेला घेऊन उभी राहिली
आणि तिसऱ्या आकड्याला
सुनेचा हात धरून बाहेर गेली.

सिन्नरहून सिंधूमावशीचा फोन.
दुकानं कसली हिंडता, आपला सागवानी आहे की,
पोपट कोरलेला, आठ जण वाढले त्यात,
काही झालं का कुणाला?
रविवारी गेलो. माळ्यावरून उतरवला.
घुंगरं अजून वाजतात.
रंगाचे पापुद्रे नखानं निघाले,
हिरव्याखाली निळा, निळ्याखाली कसलासा पिवळा.
दांड्यांमधून माझी मूठ आरपार गेली.
किती, मावशीनं विचारलं.
चौऱ्याण्णव.

मावशी आठ म्हणते,
पण नावं घेत मोजते तेव्हा बोटं नऊ मिटतात.
त्या दिवशीही मिटली.
चहा टाकते म्हणाली, आणि उठली नाही.
माझ्या हातातला व्हर्नियर घेऊन
त्याच्या जबड्यात आपली करंगळी धरून
बघत बसली बराच वेळ.
पाळणा बारशाला न्यायचा, तासभर, असं ठरलं.
तेव्हा भोवती सगळ्या बायका असतात.

शेवटी सातपूरचे यासीनभाई.
शाळांची बाकं करतात, पाळणा कधी केला नव्हता.
त्यांनी आधी ड्रॉइंग मागितलं.
कागदावर पेन्सिल ठेवून विचारलं,
टॉलरन्स किती देऊ ताई?
मला एकदम रडू आलं.
गोरखला वाटलं कंबर भरून आली,
तो स्टूल शोधायला धावला.

खिळा एकही नाही, बोल्ट आतून.
पायात घालायचा जुना मोजा हातावर चढवून
दांडा न् दांडा चोळला, धागा निघाला नाही.
गादी कडक, कडेला दोन बोटं शिरत नाहीत.
ठेवलाय खिडकीपासून लांब,
पडद्याची दोरी पोचणार नाही असा.
जाऊबाई म्हणाल्या, किती ओकाबोका दिसतो गं,
एखादं खेळणं तरी टाक.

डिसेंबर आहे. पहाटे तोंडातून वाफ निघते.
कोरड्या थंडीत लाकूड आक्रसतं
आणि फटी रुंदावतात, हे मला पोटापाण्यासाठी माहीत आहे.
म्हणून रात्री अडीचला उठते,
मोबाईल दातांत धरून.
एकोणसाठ पूर्णांक सहा.
एकोणसाठ पूर्णांक चार.
बाराव्या फटीपाशी पोट दांड्याला टेकतं,
आतून एक लाथ बसते, जबडा सरकतो,
पुन्हा पहिल्यापासून मोजावं लागतं.